आयव्हीएफ : एक एम्ब्रियो की दोन? तुम्ही कसं ठरवलंत?

भिंगरी

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतीच वाचत असते. आज लिहितेय, कारण घरात बोलून बोलून डोकं फिरलंय.

वय ३३. एग पिकअप (अंडी बाहेर काढणं) झालं, चार ब्लास्टोसिस्ट, म्हणजे लॅबमध्ये पाचव्या दिवसापर्यंत वाढवलेले एम्ब्रियो (गर्भ), फ्रीज करून ठेवलेत. लॅबच्या कागदावर त्यांच्या ग्रेड : दोन ४एए, एक ३बीबी आणि एक ३बीसी. पुढच्या पाळीनंतर फ्रोझन ट्रान्सफर, म्हणजे वितळवून गर्भाशयात सोडणं. डॉक्टर म्हणतात, एकच टाकू. नवरा म्हणतो, चार आहेत ना, मग दोन टाकू, जमलं तर जुळं, एकदाच काय ते निस्तरेल. सासूबाई नवऱ्याच्या बाजूने, आई डॉक्टरांच्या बाजूने आणि माझं सकाळी एक मत, रात्री दुसरं. संमतीपत्रात संख्या लिहायला एक रिकामी चौकट आहे. त्यात नवऱ्याने पेन्सिलीने २ लिहून ठेवलाय, म्हणजे मला खोडता येईल असा.

तुम्ही कसं ठरवलंत? डॉक्टरांना काय काय विचारलंत? आणि कृपा करून 'देवाच्या मनात असेल तसं होईल' लिहू नका. देवाने चौकट माझ्यावर सोडलीय.

तिरकस

पेन्सिलीने लिहिणारा नवरा मिळालाय, अर्धी लढाई तिथेच जिंकलात. आमच्याकडे पेनने लिहून वर सहीसुद्धा ठोकली असती. (दिवे घ्या.)

गोधडी

भिंगरी, आमचे दोन टाकले आणि दोन्ही रुजले. सोनोग्राफीत दोन ठोके दिसले तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो होतो, ते खोटं नाही. पण 'एकदाच निस्तरेल' या वाक्यावर मला बोलायचंय.

आठवा महिना लागतो न लागतो तोच बीपी चढलं, रात्रीतून सिझर करावं लागलं. दोघंही काचपेटीत. चोखता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी. माझं दूध नर्स सिरिंजने मोजून सोडायची, दोन मिली, मग दोन दिवसांनी तीन मिली. तीन मिली झाले म्हणून मी फोन करून आईला सांगितलं होतं. मुलगी आधी घरी आली, मुलगा तिथेच राहिला. मग एक घरी रडतंय आणि एक काचेत, मी दोन्हीकडे अर्धी. आज दोघं धडधाकट आहेत, भांडून घर डोक्यावर घेतात. तरीही तो काळ आठवला की पोटात खड्डा पडतो.

माझं मत विचारशील तर, एक.

सांजवारा

गोधडी, वाचून वाईट वाटलं. पण सगळ्यांचं असंच होतं असं नाही ना. माझी जुळी सदतिसावा आठवडा पूर्ण करून आली, वजनं उत्तम, दोघी थेट माझ्या कुशीत. गरोदरपण जड गेलं, शेवटी शेवटी कूस बदलायलाही कुणीतरी लागायचं, पण निभावलं. पुन्हा त्या इंजेक्शनांच्या चक्रात जावं लागलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. उगाच घाबरवू नका तिला.

गोधडी

सांजवारा, तुझ्या मुलींसाठी मनापासून आनंद. घाबरवत नाहीये गं. पण निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आतच येतात, हे मला ट्रान्सफरच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. 'जुळं चालेल ना?' एवढंच विचारलं होतं. चालेल म्हणालो.

काजवा

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते. किती टाकायचे हे तुझ्या डॉक्टरांनी तुला तपासून सांगायचं, ते मी सांगणार नाही. फक्त हिशेब मांडते, कारण 'दोन टाकले की संधी दुप्पट' असं धरूनच सगळे बोलत असतात.

सोयीसाठी धरू की तुझा प्रत्येक चांगला एम्ब्रियो रुजायची शक्यता ५० टक्के आहे. दोन एकत्र टाकले तर निदान एक रुजायची शक्यता ७५. दुप्पट म्हणजे १०० नव्हे. आणि त्या ७५ मधल्या २५ वेळा जुळं.

आता तेच दोन एकामागून एक टाक. पहिल्या वेळी ५० टक्के. न जमल्यास दुसरा, उरलेल्या ५० चे निम्मे म्हणजे २५. बेरीज पुन्हा ७५ आणि जुळं जवळपास नाही. रुजायची ताकद त्या एम्ब्रियोंमध्येच असते, जोडीने टाकल्याने ती वाढत नाही. जोडीने टाकून वाचतो तो वेळ, आणि त्याच्या बदल्यात जुळ्याची जोखीम घेतो.

'जवळपास नाही' असं म्हटलं, कारण एकच एम्ब्रियो आत गेल्यावर दुभंगू शकतो. ब्लास्टोसिस्टमध्ये हे शंभरात एखाद-दोन वेळा होतं. म्हणजे एक टाकून दोन होऊ शकतात, तसंच दोन टाकून तीनही.

ग्रेडबद्दल थोडं. आकडा म्हणजे ब्लास्टोसिस्ट किती फुगलाय ते, १ ते ६. पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचं, ज्याचं बाळ होतं. दुसरं बाहेरच्या थराचं, ज्याची वार होते. ४एए छान दिसतो. पण ३बीसीची मुलंही जन्माला आलेली आहेत, टक्का कमी असतो इतकंच. आपण बाहेरचं रूप बघतो, आतली गुणसूत्रं मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत.

अडगळ

काजवा, दोन शंका. एक, हिशेब एवढा सरळ आहे तर क्लिनिकं दोन-दोन, तीन-तीन का टाकत आली? दुसरी, एक तगडा आणि एक कमकुवत अशी जोडी लावली तर? तगडा नाही तर निदान कमकुवत तरी.

काजवा

पहिलीचं उत्तर थोडं जुनं आहे. पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच टाकायचे, कारण पाचव्या दिवसापर्यंत लॅबमध्ये टिकवणं कठीण होतं. फ्रीझिंगही संथ पद्धतीचं, वितळवताना बरेच दगावायचे. उरलेले वाया जाण्यापेक्षा टाकून मोकळे व्हा, असा विचार. आता व्हिट्रिफिकेशनमध्ये, म्हणजे झटक्यात गोठवण्याच्या पद्धतीत, शंभरातले ९५ च्या आसपास ब्लास्टोसिस्ट सुखरूप वितळतात. ती सबब बरीचशी संपली.

दुसरं कारण सांगायला आम्हा लॅबवाल्यांना जरा जड जातं. जाहिरातीतला यशाचा आकडा बहुतेकदा 'दर ट्रान्सफरमागे' असतो. दोन टाकले की तो आकडा फुगतो. तुम्ही विचारायचं ते असं : एका पिकअपमधले सगळे एम्ब्रियो वापरून झाल्यावर किती जणींच्या हातात बाळ आलं? बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह किती, असं नाही. बाळ किती.

तगडा-कमकुवत जोडीबद्दल : कमकुवत रुजायची शक्यता मुळात कमी, त्यामुळे एकूण संधीत त्याने पडणारी भर थोडी. पण जुळ्याची शक्यता मात्र तो वाढवतोच. राहू दे त्याला फ्रीजरमध्ये, गरज पडली तर त्याची पाळी येईल.

उंबरठा

काजवा, गणित पटलं. पण मी नवऱ्यांच्या बाजूने बोलणार आहे, कारण भिंगरीच्या नवऱ्याला सगळे मनातल्या मनात झोडपताहेत असं दिसतंय.

तुमच्या हिशेबात 'न जमल्यास दुसरा' हे तीन शब्दांत उरकलं. आमच्या घरात ते तीन शब्द म्हणजे पुन्हा इस्ट्रोजेनच्या गोळ्या, अस्तर वाढलं का बघायला सोनोग्राफ्या, प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं. ती मीच द्यायचो. कमरेला इतक्या गाठी की सुई कुठे खुपसू कळायचं नाही, आधी बोटांनी चाचपून मऊ जागा शोधायची. ऑफिसात दर वेळी नवी थाप. मग बीटाच्या दिवशी बायको फोन पालथा टाकून बसायची आणि रिपोर्ट मी उघडायचा. निगेटिव्ह आल्यावर माणूस लगेच 'बरं, दुसरा वितळवा' म्हणत नाही हो. काही जोडपी तिथेच थांबतात, फ्रीजरमध्ये एम्ब्रियो शिल्लक असताना. ती तुमच्या ७५ मध्ये कुठे बसतात?

दोन टाका म्हणणारा प्रत्येक जण हावरट नसतो. थकलेला असतो.

काजवा

उंबरठा, हे मान्य. आणि हे आकड्यांतही दिसतं. २००४ मध्ये स्कँडिनेव्हियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३६ वर्षांखालच्या ६६१ जणींचा. अर्ध्यांना दोन एकदम, अर्ध्यांना एक आणि न जमल्यास नंतर एक फ्रोझन. पहिल्या गटात ४२.९ टक्क्यांना मूल झालं, दुसऱ्यात ३८.८. म्हणजे माझं '७५ बरोबर ७५' प्रत्यक्षात काटेकोर जुळलं नाही. फ्रीझिंगही तेव्हाचं होतं. पण त्याच अभ्यासात झालेल्या प्रसूतींपैकी जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण एकीकडे ३३.१ टक्के आणि दुसरीकडे ०.८. चार टक्क्यांच्या फरकासाठी दर तिसरं बाळंतपण जुळ्याचं. हा सौदा पटतो का, ते प्रत्येक घराने आपापलं बघायचं.

स्वीडनने तर २००३ पासून एकच हा नेम करून टाकला, दोन फक्त अपवाद म्हणून. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात आयव्हीएफची २८ टक्के बाळंतपणं जुळ्या-तिळ्यांची असायची, २०१९ पर्यंत ती ६ टक्क्यांवर आली.

अडगळ

आणि २००९ मधलं अमेरिकेतलं आठ मुलांचं प्रकरण? बारा एम्ब्रियो टाकले होते म्हणे.

काजवा

हो, बारा. पुढे २०११ मध्ये त्या डॉक्टरचा परवाना रद्द झाला.

तिरकस

बारा! चौकटीत दोन आकडी संख्या लिहायला जागा तरी होती का?

पानगळ

सगळा धागा तिशीतल्यांच्या एम्ब्रियोंवर चाललाय, म्हणून मी जरा दुसरी बाजू लिहिते. माझं तेव्हा ४१ होतं, अंडी माझीच. पाचव्या दिवसापर्यंत एकही पोचत नव्हता. सकाळी लॅबमधून फोन यायचा आणि आवाजावरूनच कळायचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, थांबत बसण्यात अर्थ नाही, तिसऱ्या दिवशीच टाकू. त्यांनी तीन सुचवले होते. मी दोनवर थांबले, कारण माझं बीपी आधीपासून आहे आणि तिळं माझ्या अंगाला झेपलं नसतं. एक रुजला. कन्या आता शाळेतून आल्या आल्या दप्तर दारातच टाकते.

तेव्हा 'एकच टाका' हा मंत्र सरसकट सगळ्यांना देऊ नका. मला कुणी हिशेब शिकवायला आलं असतं तर हाकलून दिलं असतं.

काजवा

पानगळ, तुझ्या बाबतीत दोनच काय, तीन सुचवणारे डॉक्टरही चुकत नव्हते. अंड्याचं वय वाढलं की गुणसूत्रं बिघडलेल्या एम्ब्रियोंचं प्रमाण वाढतं, मग एकेकाची शक्यता ५० सोडाच, फार खाली येते. तिथे दोन टाकूनही जुळ्याची भीती कमी. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनच्या २०२१ च्या मार्गदर्शनात हीच चढण आहे. ३५ च्या आत आणि एम्ब्रियो चांगले असतील तर एक. ४१-४२ ला स्वतःच्या अंड्यांचे, तिसऱ्या दिवसाचे असतील तर जास्तीत जास्त चारपर्यंत. आणि गुणसूत्रं तपासून नॉर्मल निघालेला एम्ब्रियो असेल तर वय काहीही असो, एकच.

लिंबोणी

काजवाने वर लिहिलंय, दोन टाकून तीन होऊ शकतात. आमचे झाले. दोन टाकले, दोन्ही रुजले, त्यातला एक दुभंगला. डॉक्टर प्रोब फिरवत राहिले, मोजत राहिले आणि मग त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली.

एक कमी करण्याबद्दल विचारणा झाली. दोघांची वार एकच असल्यामुळे ते आणखी गुंतागुंतीचं होतं. आम्ही काय ठरवलं ते इथे लिहिणार नाही.

भिंगरी, ट्रान्सफरच्या आधी डॉक्टरांना विचार, 'तीन झाली तर काय?' उत्तर ऐकताना नवरा खोलीत असू दे.

सांजवारा

लिंबोणी, काय लिहू सुचत नाहीये. जपून राहा.

वळीव

थोडं अवांतर. माझा मागच्या आठवड्यात एकच टाकलाय. 'एकच आहे' म्हणून जीव मुठीत धरून पलंगावर पडून आहे. जिना उतरू का? डॉक्टर म्हणाले उतर, पण शेजारच्या काकू म्हणतात पंधरा दिवस पाय खाली टेकवू नकोस.

तिरकस

शिंक आली तर काय करायचं, हे काकूंना विचारलंत का?

काजवा

वळीव, ऊठ. पडून राहिल्याने रुजायचं प्रमाण वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, एम्ब्रियो तिथून घरंगळत नाही. शिंकेनेही नाही.

आणि स्क्रीनवर जो चमकता पांढरा ठिपका बघून सगळ्या रडतात ना, तो एम्ब्रियो नसतो. त्याच्यासोबत सोडलेला हवेचा बारीक बुडबुडा असतो. एम्ब्रियो सोनोग्राफीत दिसण्याइतका मोठा नसतोच.

वळीव

अगं, मी त्या ठिपक्याचा फोटो वॉलपेपर केलाय.

गोधडी

राहू दे गं. शेजारीच होता की तो.

अडगळ

अजून एक. एकेक करून टाकले आणि पहिल्यातच जमलं, तर उरलेल्या तिघांचं पुढे काय? दरवर्षी ठेवणावळ भरत राहायची? टाकून द्यायचे म्हटलं तर मन धजावेल का?

संपादक मंडळ

उरलेल्या एम्ब्रियोंचा प्रश्न मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ प्रश्नावर राहू या.

भिंगरी

मंडळी, मध्ये गायब होते, पण सगळं वाचत होते. नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो बराच वेळ गोधडीच्या प्रतिसादावर थांबला आणि मग विचारलं, 'दोन मिली म्हणजे नक्की किती?' घरात तापाच्या औषधाची सिरिंज होती, त्यात पाणी भरून दाखवलं. काही बोलला नाही.

काल दोघं डॉक्टरांकडे गेलो. मी एक गोष्ट इथे लिहिली नव्हती, मला ती या प्रश्नाशी संबंधित वाटलीच नव्हती. माझ्या गर्भाशयात पडदा होता, तो दुर्बिणीतून काढलाय. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या 'एक'मागचं निम्मं कारण तेच आहे, या गर्भाशयावर दोघांचा भार मुद्दाम टाकायचा नाही. बाकीचं निम्मं कारण वय आणि ग्रेड. लिंबोणी, तुझा प्रश्न विचारला. नवरा खोलीत होता. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं, घाई केली नाही.

उंबरठा, तुमचा मुद्दा नवऱ्याने मांडला, म्हणजे एक फसला तर आमच्यात पुन्हा उभं राहायचं बळ असेल का. यावर डॉक्टरांकडे आकडा नव्हता. फसलं तर लगेच पुढच्या पाळीत घुसायचं नाही, वाटल्यास एक पाळी मध्ये सोडायची, असं आमच्यात ठरलंय. एम्ब्रियो आहेत तेवढ्याच वयाचे राहणार, त्यांना घाई नाही.

तर एकच टाकायचा. ४एए मधला एक. तो वितळताना दगावला तरच दुसरा काढायचा, हेही लिहून घेतलं.

उंबरठा

उत्तम. नवऱ्याला सांगा, इंजेक्शन द्यायच्या आधी कुपी थोडा वेळ हातात धरून कोमट करायची, तेल पातळ होतं. आणि नंतर शेक.

सांजवारा

भिंगरी, शुभेच्छा. माझं मत तसं बदललेलं नाही, मला पुन्हा विचारलं तर मी दोनच म्हणेन. पण तो पडदा काढलेला आहे म्हटल्यावर तुझं बरोबर वाटतं.

गोधडी

सांजवारा, तुझ्या दोघी सारख्या दिसतात की वेगळ्या? माझ्या दोघांना लोक भाऊबहीण मानायलाच तयार नाहीत.

सांजवारा

एकदम वेगळ्या! एक माझ्यावर, एक थेट आत्यावर. स्वभावाने दोघी आत्यावर. :)

रिमझिम

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. धागा वाचून घाम फुटलाय. माझं ४४ आहे, डोनर एग घेतलीत, दोन छान ब्लास्टोसिस्ट आहेत. डॉक्टर म्हणताहेत वय जास्त आहे म्हणून दोन्ही टाकू. पानगळ यांच्यासारखंच समजायचं ना माझं?

पानगळ

नाही गं, माझी अंडी माझी होती. काजवा, सांग हिला.

काजवा

रिमझिम, डोनरचं वय किती? रुजायच्या हिशेबात मोजायचं ते अंड्याचं वय. डोनर तरुण असेल तर त्या एम्ब्रियोंची शक्यता तिच्या वयाप्रमाणे धरायची, म्हणजे चांगली. मग दोन टाकले तर जुळ्याची शक्यताही तेवढीच चांगली. पण गरोदरपण ४४ च्या शरीराला काढायचंय. बीपी आणि शुगरचा धोका या वयात एका बाळालाही जास्त असतो, डोनर एगमध्ये बीपीचा आणखी वाढतो, आणि जुळ्याने त्यात भर पडते. डॉक्टरांना सरळ विचार, 'माझ्या वयासाठी दोन, की अंड्याच्या वयासाठी?' त्यांच्याकडे दुसरं काही कारण असेलही. पण ते काय आहे ते तुला कळायला हवं.

रिमझिम

डोनर २६ ची आहे. 'वय झालंय' एवढंच बोलले होते ते. सोमवारची वेळ मिळालीय, हे सगळं वहीत उतरवून नेते.

पानगळ

आणि वही आत गेल्यावर उघडीच ठेव. मी पर्समध्ये ठेवायचे आणि बाहेर रिक्षात बसल्यावर आठवायचं काय विचारायचं राहिलं ते.